परदेशात आपला वाटाड्या

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या जूनमध्ये नारायणगुड्यातले आम्ही आठजण लंडनला जाऊन आलो. तेव्हापासून केशव मेमोरिअलच्या कोपऱ्यावर भेटेल तो एकच विचारतो, "कुठल्या टूरबरोबर गेला होता?" कुठल्याच नाही, असं सांगितलं की लोक आमच्याकडे संशयानं बघतात. म्हणून हे भाषण.

टूर कंपन्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. युरोपात सकाळी पोहे मिळाले ते त्यांच्यामुळेच. पण बसमध्ये चाळीस माणसं असली की थांबायचं कुठं आणि किती वेळ, हे घड्याळ ठरवतं. आमच्यातल्या काकांचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात ते शिकले. त्यांना लंडनमध्ये एकच गोष्ट बघायची होती, बाबासाहेब राहिले ते घर. चौकशी केलेल्या एकाही टूरच्या कार्यक्रमात ते नव्हतं. काकांचा हा पहिला आणि बहुधा शेवटचा परदेश प्रवास, तेव्हा 'पुढच्या वेळी बघू' म्हणण्यात अर्थ नव्हता.

मग दोन दिवसांसाठी खासगी गाइड करायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये परीक्षा देऊन पात्र ठरलेल्या गाइडना 'ब्लू बॅज' मिळतो. आपण तिघांना पत्रं लिहावीत, आम्हीही तेच केलं. पत्रात 'लंडन दाखवा' एवढंच लिहू नये. वयं, गुडघे, किती चालवेल, जिने चालतील का, दुपारी जेवायला शाकाहारी काय मिळेल, आणि काय बघायचं नाही, हेही लिहावं. एकाचं उत्तर आलं ते छापील कार्यक्रमाचं. दुसऱ्याचं गोड, पण पैशांपुरतं. तिसऱ्या बाईंनी उलट आम्हालाच प्रश्न विचारले: काकांना खुर्ची लागेल का? घरं आतून बघायची की बाहेरून? रविवार का धरलात, त्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबे पर्यटकांना बंद असतं. आम्ही त्यांनाच होकार कळवला. जो प्रश्न विचारतो त्यानं तुमचं पत्र वाचलेलं असतं.

पैशांचं सांगतो. फी माणशी नसते, गटाची असते, अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची. दोघांना ती जड जाते, आठांत वाटली की झेपते. प्रवेशतिकिटं आणि गाडी त्यात धरली आहे का, जादा तासाचे किती, रद्द केलं तर काय परत मिळेल, हे सगळं लेखी घ्यावं. आपल्याकडे लेखी मागितलं की समोरच्याला राग येतो. तिकडे येत नाही.

आमची यादी लांबलचक होती. बाईंनी ती निम्मी केली, आणि सुरुवातीला आमच्यातल्या दोघांना ते रुचलं नाही. टॉवर ऑफ लंडन राहिलं, कारण कोहिनूर. गोवळकोंड्याच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसांनी तो न बघता यायचं कसं? तिथं हिरेमाणकांपुढून सरकत्या पट्ट्यावरून नेतात, त्यामुळे बघणं क्षणात संपतं. बाईंनी ते आधीच बजावलं होतं. ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र त्यांनी थेट अमरावतीच्या शिल्पांपुढे नेलं. आपल्या कृष्णाकाठचे ते दगड. तिथून कोणीच हलेना. प्रवेशाला पैसेही नाहीत.

आता घरं. लोकमान्य १९१८-१९ मध्ये चिरोलविरुद्धच्या खटल्यासाठी लंडनला होते, ते १०, हाउली प्लेस इथं राहिले. भिंतीवर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. आत दुसऱ्यांचा संसार, तेव्हा फुटपाथवरूनच नमस्कार करायचा, घंटी वाजवायची नाही. हायगेटचं ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाउस, जिथं सावरकर राहिले, तेही बाहेरूनच. ते चढावर आणि वेगळ्या दिशेला, म्हणून दुसऱ्या दिवशी ठेवलं.

१०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनानं ते २०१५ साली विकत घेतलं. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे स्मारकाच्या परवानगीला २०२० उजाडलं. बाईंना हे ठाऊक होतं, म्हणून गाडी लांब लावून आम्हाला हळू बोलत नेलं. कार्यक्रमात या घरासाठी चाळीस मिनिटं लिहिली होती. काका दीड तास बसले. कोणाशी बोलले नाहीत. बाईंनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, बाहेर जाऊन दुपारच्या जेवणाची वेळ फोनवर पुढे ढकलून आल्या. जादा तासाचे पैसे करारात ठरले होते, ते आम्ही दिले.

आमचा पत्रव्यवहार आणि खर्चाचा हिशेब मंडळाच्या वाचनालयात फाइल करून ठेवला आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर न्यावा, फक्त परत आणून द्यावा.