काम नसताना सायकलवर



आज कर्ज, हप्ता, रजिस्टर यातलं काहीच बोलायचं नाही. आज सायकलबद्दल बोलू. तेही बाजारात किंवा बँकेत जायच्या सायकलबद्दल नाही. सायकल काढायची, दोन-तीन दिवस जंगलाच्या आणि धानाच्या बांध्यांच्या मधल्या रस्त्यांनी सावकाश हिंडायचं आणि घरी परत यायचं, याबद्दल.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्याच्या बचत गटांच्या बाया. गेली तीन वर्षं धानाचं चुरणं आटोपलं, की आम्ही सात-आठ जणी अशा निघतो. पहिल्या वर्षी गावाच्या चौकातच एका आजोबांनी अडवून विचारलं, “कोणाच्या घरी कार्यक्रम हाय का?” नाही म्हटलं. “मंग दवाखाना?” तेही नाही. “काम नाही, तं कायले चालल्या?” या ‘कायले’चं उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हतं. आज थोडंफार आहे.

आपल्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग त्यात येतो. एका बाजूला साग, मोह, तेंदू, ऐन, धावडा, बिजा यांचं जुनं रान आणि दुसऱ्या बाजूला ताटासारखी सपाट बांधी. मध्ये मध्ये तलाव. घाट चढायचा नाही, की उतारावर ब्रेक दाबून हात दुखवायचे नाहीत. साधी बिनगिअरची सायकलसुद्धा इथे दिवसभर चालते. मोटारसायकलवर मागे बसून हेच रस्ते आपण शंभरदा गेलो असू. पण तेव्हा पदर सांभाळायचा, पोराला धरायचं, नवऱ्याच्या पाठीकडे बघायचं. रस्त्याचं काही दिसत नाही. सायकलवर तासाला आठ-दहा किलोमीटर होतात. त्या चालीत झाड ओळखू येतं, कोणी हाक मारली तर थांबता येतं.

आमचा पहिला मुक्काम असतो नवेगावबांध. तिथला तलाव सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांना लोकांनी पुढे देवच केलं. कोलासुर देव म्हणतात तो हाच. कोहळी समाजाचं तलाव बांधण्यातलं कसब मोठं. जमिनीचा उतार कुठे आहे, पाळ कुठे टाकायची, पाणी कोणत्या बांधीत आधी उतरेल, हे सगळं त्यांनी यंत्राशिवाय ओळखलं. पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. मालगुजारी तलाव म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि पुष्कळ ठिकाणी गाळ साचत गेला.

सायकलवरून जाताना कोणता तलाव जिवंत आहे आणि कोणता नाही, हे पाळीवर चढल्याबरोबर कळतं. जिथे नुसती बेशरम माजलीय, तिथे पक्षी नाही, मासा नाही. आपल्या तालुक्यात काही गावांत धीवर समाजाच्या बायकांनीच पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि तिथे माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. अशा एका तलावावर आम्ही डबे उघडले होते. तिथल्या बायांनी कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, ते काठावर बसून सांगितलं. अर्ध्या तासाचा थांबा अडीच तासांचा झाला. घाई नव्हती, म्हणून ऐकता आलं.

नवेगावला हिवाळ्यात दूरदेशीची बदकं उतरतात. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत इथे बरीच वर्षं राहिले, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तकच आहे. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. आमच्या गटात एकीनेही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. आता ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली प्रत हातोहात फिरतेय.

नवेगावबद्दल आणखी एक सांगायचं आहे. आमच्यातली एक जण बारावीपर्यंत रोज सायकलने शाळेत जायची. लग्न झालं, सायकल माहेरी राहिली, मग भावाने विकली. सासर या तलावापासून वीस किलोमीटरवर. नऊ वर्षांत तिने तो पाहिला नव्हता. पाळीवर उभी राहून ती म्हणाली, “एवढं जवळ होतं का हे?” आम्ही कोणी काही बोललो नाही, कारण आमच्यातल्या आणखी तिघींची तीच गत होती.

दुसऱ्या दिवशी जंगल मागे पडतं आणि अर्जुनीकडे मोकळा मुलूख लागतो. धान निघालेलं असतं, कुठे पुंजणे रचलेले, कुठे तणसाचे ढीग. धान उभं असतानाच टाकलेली लाखोळी आता वर आलेली असते. तिची निळी-जांभळी फुलं धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पसरलेली. रोवणीच्या दिवसांत याच बांध्यांमध्ये वाकून आपली कंबर मोडते. तीच बांधी सरळ बसून, वारा खात बघायला फार वेगळी वाटते.

पुढे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. धानाच्या देशात एकदम रंगीत पताका आणि बौद्ध मठ दिसतो. हिवाळ्यात तिथली बरीच माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात; घरी म्हातारी माणसं आणि पोरं. एका आजींशी आम्ही हिंदीत बोललो. घर सोडून हंगामासाठी विकायला जाणं, माल उधारीवर उचलणं, परत येऊन हिशेब करणं, सगळं आपल्याच गटाच्या बैठकीसारखं वाटलं. तिथून प्रतापगड जवळ आहे. एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर महादेव आणि दर्गा, दोन्हीकडे लोक जातात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, म्हणून आम्ही ती गर्दी टाळून आधीच जाऊन येतो. तिसऱ्या दिवशी गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण बघायचं आणि घरी.

आता ज्यांना निघायचं आहे, त्यांच्यासाठी कामाचं बोलू.

वेळ निवडा डिसेंबर ते फेब्रुवारीची. मार्चपासून ऊन तापतं आणि मोह पडायला लागला की अस्वलं झाडाखाली येतात. जंगलातल्या रस्त्याला सकाळी ऊन चांगलं वर आल्याशिवाय लागू नका आणि दुपारी चारच्या आत गाव गाठा. आपल्याकडे वाघ आहे, बिबट्या आहे, हे विसरून चालणार नाही. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला; त्याच्या गेटच्या आत सायकलचं काम नाही. गावांना जोडणारा डांबरी रस्ता धरायचा, आणि निघण्याआधी वनरक्षकाला विचारायचं, की या आठवड्यात कुठे काही दिसलंय का. तो नको म्हणाला, तर तो रस्ता सोडायचा. जंगलात एकीनेही मागे रेंगाळायचं नाही, पुढे पळायचं नाही.

सायकल नवी लागत नाही. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. सुट्टीत त्या घरीच उभ्या असतात, लेकीला विचारून घ्या. सीट इतकी वर करा, की पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. निम्मी गुडघेदुखी तिथेच जाते. साडी नेसणारीने चेनकव्हर घट्ट आहे का ते बघावं, सलवार घालणारीने पायाशी रबर लावावा. पंप, सोल्युशन, रबराचे तुकडे, घासपेपर आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या सगळ्यांत मिळून एक संच पुरतो. पंक्चर काढायला आम्ही दुकानदाराकडे एक दुपार बसून शिकलो. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर जाऊ नका. राहायला दुसऱ्या गावच्या गटाच्या बायांचं घर असतंच. आपण भात-वरणाचा शिधा घेऊन जायचा आणि त्या आल्या, की त्यांना आपलं घर उघडायचं.

आता त्या ‘कायले’कडे येऊ. आमच्या या फिरण्याला एका कार्यालयातून थोडी मदत मिळेल असं कळलं होतं. अर्जात रकाना होता, ‘भेटीचा उद्देश’. पुढचा रकाना, ‘अपेक्षित फलित’. आम्ही ‘तलाव अभ्यास दौरा’ असं लिहू शकलो असतो. पण बैठकीत एकमत झालं, की असं लिहायचं नाही. बाई घराबाहेर पडली, की तिच्या हातात काहीतरी कारण असावंच लागतं: पाणी, सरपण, बाजार, दवाखाना, बैठक, मयत. गडी माणूस पारावर बसतो, त्याला कोणी उद्देश विचारत नाही. मग आम्ही अर्जच भरला नाही. महिन्याला वीस रुपये वेगळे टाकतो, त्यात खर्च निघतो.

तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायकांनी सायकल शिकून घेतली. बसची वाट बघणं संपलं, वेळ वाचला. त्या वाचलेल्या वेळातला थोडा तरी त्यांना स्वतःसाठी मिळाला असेल, असं आम्हाला वाटतं. आपल्याकडे सायकल शाळेसाठी मिळते आणि शाळेबरोबर संपते. पाय तेच असतात, रस्ता तोच असतो, सायकल फक्त दुसऱ्याची झालेली असते.

म्हणून आता कोणी विचारलं, की आम्ही सांगतो, “बघायला चाललो.” एवढंच. काय बघायला, हे दरवेळी सांगता येत नाही. यंदा त्याच आजोबांनी विचारलं नाही. म्हणाले, “इटियाडोहात पानी किती हाय, आल्यावर सांगजा.”

तुमच्या गावापासून वीस किलोमीटरवर काय आहे, जे तुम्ही अजून पाहिलेलं नाही? येत्या बैठकीत हप्ते जमा झाले, की एकमेकींना हे विचारा. आणि एकीच्या घरी तरी सायकल असेलच, तिच्यात आजच हवा भरून ठेवा.