ओळंबा आणि हिमालय

ओळंबा सरळ खाली लोंबतो या विश्वासावर भिंती उभ्या राहतात. भिलाईसारख्या पोलादाच्या नगरीत उंच धुराडी उभारायची, तीही याच विश्वासावर. त्यालाच गणिताची कसोटी लावणारे जॉन हेन्री प्रॅट हे एक धर्मोपदेशक होते.

केंब्रिजला गणित शिकलेले प्रॅट १८५० मध्ये कलकत्त्याचे आर्चडीकन झाले. भारताच्या महामोजणीचे आद्य प्रवर्तक लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या वऱ्हाडाशेजारच्या हिंगणघाटास निवर्तले. एव्हरेस्ट यांनी ती मोजणी हिमालयाच्या पायथ्याशी नेली. कल्याणपूर आणि कलियाना या ठाण्यांमधील अंतर ताऱ्यांच्या वेधांनी एक आले, जमिनीवरील त्रिकोणांनी दुसरे. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे सुमारे १६० मीटरांचा! वेध घेताना हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असावा, अशी शंका आली. प्रॅट यांनी ती ओढ गणिताने काढली. उत्तर आले १५.८८५ विकला, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

सरकारी दप्तरात आकडे जुळवून दाखविण्याचा मोह किती बलवत्तर असतो, हे आम्ही नोकरमंडळी जाणतो. प्रॅट यांनी न जुळणारा आकडा १८५५ मध्ये तसाच प्रसिद्ध केला. त्याच वर्षी राजज्योतिषी एअरी यांनी सुचविले, की पर्वतांना हलक्या खडकांची खोल मुळे असावीत. १८५९ मध्ये प्रॅट यांनी वेगळी उपपत्ती मांडली, की पर्वत जितका उंच, तितके त्याखालचे द्रव्य विरळ. भूकवचाच्या समतोलाचा सिद्धान्त यांतूनच उभा राहिला.

१८७१ मध्ये गाझीपूर येथे प्रॅट वारले. त्यांनी तो आकडा झाकला असता, तर पर्वताखालचे हे रहस्य आणखी काही काळ झाकलेलेच राहिले असते.