दुपारच्या सत्राचा गणवेश

पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी येऊन बसलेल्या श्रोतेहो,

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो असा : उन्हाळ्यात शाळांनी गणवेशाचे नियम सैल करावेत का? याचं उत्तर एका शब्दात देता येतं आणि ते मी आत्ताच देऊन टाकते. करावेत. पण एका शब्दावर व्याख्यान होत नाही, आणि खरं सांगायचं तर या प्रश्नातला नियमाचा भाग सोपा आहे. अवघड भाग आहे तो कापडाचा. ते कापड कोण निवडतं, कोण धुतं आणि कोण इस्त्री करतं, याचा. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी चित्र डोळ्यांपुढे आणू. मार्च महिन्यात दुपारी बारा ते साडेबारा या वेळात कल्याणच्या शिवाजी चौकात उभं राहा, किंवा पूर्वेला कोळसेवाडीत. सकाळचं सत्र सुटत असतं आणि दुपारचं भरायचं असतं. आपल्या शहरात जागा कमी, मुलं जास्त. एकाच इमारतीत दोन शाळा चालतात म्हटलं तरी चालेल. त्यामुळे निम्मी मुलं भर उन्हात घरी जातात आणि उरलेली निम्मी त्याच उन्हात शाळेत येतात. त्यातला एखादा सहावीतला मुलगा नीट बघा. टेरिकॉटचा शर्ट, आत खोचलेला. त्यावर पट्टा. फुल पँट. नायलॉनचे मोजे, वर रेक्झिनचे काळे बूट. गळ्यात टाय, तीही आता कुणी बांधत नाही, गाठ कायमची शिवलेली असते आणि मागे इलॅस्टिक असतं. टाय सरळ बसावी म्हणून कॉलरचं वरचं बटण लावलेलं. वर्गात येऊन त्यानं दप्तर काढलं की पाठीवर दप्तराच्या मापाचा ओला चौकोन दिसतो. पाचव्या तासापर्यंत तो वाळतो आणि कडेनं मिठाची पांढरी रेघ उरते. मुलींचं तर विचारूच नका : शर्टावर पिनोफर म्हणजे दोन थर, आत स्लॅक म्हणजे आणखी एक, आणि वर दोन घट्ट वेण्या.

आता हवा. हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करतं तेव्हा सपाटीवरच्या ठिकाणांना किमान ४० अंशांची अट असते, किनारपट्टीला ३७ ची, आणि शिवाय तापमान सरासरीच्या किमान साडेचार अंश वर असावं लागतं. किनाऱ्याला वेगळा हिशेब का? कारण आपल्याकडे नुसतं ऊन नसतं, दमटपणा असतो. घाम येऊन उपयोग नसतो. तो वाळला तर अंग थंड होतं. दमट हवेत तो वाळत नाही. मुंबईला दुपारी समुद्राचा वारा तरी सुटतो, आपल्यापर्यंत तो येता येता उशीर होतो. म्हणजे खाडीचा दमटपणा आपल्या वाट्याला पुरेपूर, आणि वारा मात्र उरलासुरला. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, त्यांना घामही कमी येतो, आणि तहान लागली तरी तास संपेपर्यंत ती बोलत नाहीत. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर काय झालं ते आपण विसरलेलो नाही. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघड्यावर बसलेला जनसमुदाय, आणि उष्माघातानं गेलेले १४ जीव. ती मोठी माणसं होती. उठून सावलीत जायला त्यांना कुणाची परवानगी लागणार नव्हती. वर्गातल्या मुलाला ती लागते.

यावर आमच्या वयाच्या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं : आमच्या वेळी नव्हतं का ऊन? होतं ना. सांताक्रूझ वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदवलं गेलं. ऊन होतंच, पण अंगावर काय होतं ते आठवा. खाकी हाफ पँट, पांढरा सुती सदरा, पायात स्लिपर नाहीतर काहीच नाही. मुलींना निळा स्कर्ट, पांढरा सुती ब्लाउज. त्या पोशाखामागे कुणाचा हवामानाचा अभ्यास नव्हता, परिस्थितीच तेवढी होती. पण तो पोशाख या हवेला साजेसा होता. टाय नंतर आली. ती शाळांनी लादली असं आपण म्हणतो. मी तीस-पस्तीस वर्षं शिक्षिका म्हणून पालकसभा पाहिल्या आहेत. टाय पाहिजे, बूट पाहिजेत, शाळा ‘इंग्लिश मीडियमसारखी’ दिसली पाहिजे, असा आग्रह धरणारे बहुतेक वेळा पालकच असायचे. मराठी शाळांनीही पट कमी होईल या धास्तीनं टाया आणल्या. पट काही वाढला नाही. टाय राहिली.

कपडा हवेप्रमाणे बदलावा, हे शिकायला आपल्याला लांब जावं लागत नाही. आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या. जन्म ३१ मार्च १८६५, म्हणजे ऐन तलखीच्या दिवसांतला. त्या १८८३ साली वैद्यक शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या तेव्हा आपला पोशाख सोडायचा नाही असा त्यांचा निर्धार होता. पण तिथल्या थंडीत नऊवारीनं पोटऱ्या उघड्या पडतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. त्यावरून इकडून पत्रांतून बोलणी खावी लागली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. साडी सोडली नाही, नेसण्याची पद्धत बदलली. मला या प्रकरणात हाच मार्ग दिसतो. गणवेश सोडा असं मी म्हणत नाही.

मुद्दाम सांगते, कारण ‘नियम सैल करा’ म्हटलं की पलीकडून लगेच येतं : मग काय रोज रंगीत कपड्यांत यायचं का? मुळीच नाही. वाढदिवसाच्या दिवशी रंगीत कपडे घालायची मुभा असते ना, त्या दिवशी ज्याच्या घरी नवा कपडा येत नाही तो मुलगा गणवेशातच येतो आणि मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहतो. हे मी एकदा नाही, दरवर्षी पाहिलं आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मुलगा आणि बिल्डरचा मुलगा एका बाकावर एका रंगात बसतात, ही गणवेशाची कमाई आहे आणि ती घालवू नये. चाळीस रोजच्या कपड्यांत चाळीस घरांची परिस्थिती वर्गात उघडी पडेल.

आता सरकार काय म्हणतं? केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं मे २०२२ मध्येच शाळांसाठी सूचना काढल्या. त्यांत टायची सक्ती शिथिल करावी, चामड्याच्या बुटांऐवजी कॅनव्हासचे बूट चालावेत, कपडे सुती, सैल आणि फिक्या रंगाचे असावेत, बाह्या शक्यतो पूर्ण असाव्यात, हे सगळं लिहिलेलं आहे. तेव्हा मुलाची टाय काढायला क्रांती करावी लागत नाही, मुख्याध्यापकांची एक सूचना पुरते. तरी टाय विसरली म्हणून वर्गाबाहेर उभं करणं चालूच असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई आहे. ज्या मैदानात शिक्षकाला स्वतःला पाच मिनिटं उभं राहवत नाही तिथे टायसाठी मुलाला उभं करणं या कलमात बसतं, असं माझं मत आहे.

वेळेचा घोळ वेगळाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. मार्च २०२५ च्या अखेरीस आदेश आला की ऊन वाढलं आहे, प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक सात ते पावणेबारा भरवा. दोन्ही आदेश आपापल्या जागी बरोबर. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा मात्र २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. आणि दोन सत्रांच्या इमारतीत दुपारचं सत्र सकाळी कुठे बसवायचं? गच्चीवर? कल्याण-डोंबिवलीत वेळ बदलून प्रश्न सुटत नाही, म्हणून कपड्याकडे यावं लागतं.

तर कापड. सुती धाग्यात ओलावा धरून ठेवायची क्षमता साधारण आठ टक्के असते, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. नुसती टाय काढून टेरिकॉट तसंच ठेवलं, तर गळा तेवढा सुटेल, पाठ ओलीच राहील. आणि शनिवारच्या पी. टी.चे टी-शर्ट बघा. ‘खेळाचा कपडा’ म्हणून आपण समाधानी असतो. कॉलरमागची पट्टी उलटी करून वाचा, शंभर टक्के पॉलिस्टर.

हे कापड आपल्याकडे का आलं? शेजारी भिवंडीला यंत्रमागांवर कृत्रिम धाग्याचं कापड निघतं, ते स्वस्त पडतं, हे एक कारण. पण दुसरं कारण आपल्या घरात आहे. टेरिकॉट आटत नाही, विटत नाही, चुरगळत नाही. रात्री धुवून दोरीवर टाकलं की सकाळी घालता येतं. सकाळी सहा-पन्नासची लोकल पकडणाऱ्या आईला सुती शर्टाला इस्त्री करायला वेळ कुठून आणायचा, हे मला कुणी सांगावं. सुती कापडाची भाषणं देणारे आम्ही लोक, आमचे कपडे इस्त्रीवाल्याकडे जातात. आणि पावसाळा? जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुती पँट दोन-दोन दिवस ओलीच असते. दमट पँटीत बसून मुलाला खाज सुटणार आणि आई कृत्रिम धाग्याला दुवा देणार. तिची बाजू मला पूर्ण पटते.

म्हणून वर्षभर एकच गणवेश हा हट्टच मला चुकीचा वाटतो. सैन्याला उन्हाळी-हिवाळी वर्दी असते. जपानमध्ये शाळकरी मुलं साधारण १ जूनला उन्हाळी आणि १ ऑक्टोबरला हिवाळी गणवेशात जातात. २००५ साली तर तिथल्या सरकारनंच कार्यालयांना उन्हाळ्यात कोट-टाय सोडायला सांगितलं. इंग्लंडमध्ये एक्झेटरच्या एका शाळेनं २०१७ च्या जूनमध्ये मुलांना हाफ पँट नाकारली, तेव्हा तीसेक मुलगे मुलींचे स्कर्ट घालून शाळेत आले, कारण स्कर्ट नियमात बसत होता! आपली मुलं एवढी वात्रट नाहीत याचं मला कधीकधी वाईट वाटतं. आणि आपल्याच कल्याणच्या कोर्टात बघा. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालय वगळता उन्हाळ्यात वकिलांना काळा कोट सक्तीचा नाही. चाळिशीतल्या वकिलाला जी सवलत आहे ती दहा वर्षांच्या अशिलाला नसावी?

आपल्याकडे दोन गणवेश मिळतातच. समग्र शिक्षा योजनेत सरकारी आणि पालिका शाळांतल्या मुलांना दोन जोड, प्रत्येकी ३०० रुपये असा हिशेब आहे. दोन्ही जोड एकाच कापडाचे असतात, एवढंच. एक मिश्र धाग्याचा आणि एक सुती करा. पहिला पावसाळ्याला, दुसरा ऑक्टोबर हीटला आणि मार्च-एप्रिलला. रंग तोच. तीनशे रुपयांत चांगला सुती जोड बसत नाही हे मला माहीत आहे. ती रक्कम वाढवून मागायची आहे, आणि ती मागणी टाय काढण्यापेक्षा महत्त्वाची आहे.

हे ठरवणार कोण? मधे ‘एक राज्य, एक गणवेश’ झालं. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत. कापड वरून, शिलाई बचत गटांकडे. २०२४-२५ मध्ये मुलांना गणवेश उशिरा मिळाले, मापं चुकली, कुणाच्या बाह्या मनगटाखाली तर कुणाची पँट घोट्याच्या वर. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं तो निर्णय फिरवला आणि अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. चंद्रपूरच्या आणि कल्याणच्या मुलाला एकच कापड चालेल असं ज्यांना वाटलं, त्यांनी मे महिन्यात दोन्हीकडे प्रवास केला नसावा. पण फिरलेल्या निर्णयाचा फायदा आपण घेतला का? या समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे जी बाई रात्री तो शर्ट धुते, तीच कापड निवडू शकते. बहुतेक ठिकाणी तिच्यापुढे रजिस्टर सहीसाठी येतं आणि सही झाली की बंद होतं.

खासगी शाळांचं गणित निराळं. तिथे दुकान ठरलेलं, कापड ठरलेलं, आणि पालकाच्या हातात फक्त बिल. सीबीएसई शाळांचं वर्ष तर एप्रिलमध्येच सुरू होतं. नवा करकरीत जाड गणवेश सगळ्यात उकाड्याच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढतो. तिथे पालक संघानं लेखी मागावं, तोंडी नव्हे. सुती पर्याय त्याच रंगात चालेल, मार्चपासून टाय नाही, कॅनव्हासचे बूट चालतील, अशा तीन ओळी पुरतात.

एक व्यवहाराची गोष्ट सांगते आणि थांबते. गणवेशाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला विचारलंत तर तो सांगेल की जूनच्या मालाची तजवीज त्याला कितीतरी आधी करावी लागते. मार्चमध्ये मुलांना घाम फुटला की आपण बैठक बोलावतो, तोपर्यंत ठाण उचललेलं असतं आणि शाळा म्हणते, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा कापडाचा ठराव दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत आला पाहिजे, थंडीचे स्वेटर काढायच्या वेळी. विषयपत्रिकेत तो आधी घालून घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात टाकलात तर चहा आधी येईल.

इथे शिक्षक आहेत, दोन-तीन डॉक्टर मला दिसताहेत, आणि मागे उभे आहेत त्यांतले एक तरी कापडाच्या धंद्यातले असावेत. पाऊण तास मी बोलले. आता तीनशे रुपयांत सुती जोड कसा बसवायचा, हे त्यांनी सांगावं.