बाळंतिणीला दुसरा प्रश्न विचारा

मी तिरुवैयारूहून बोलतोय. तंजावरजवळचं, कावेरीकाठचं हे गाव त्यागराजस्वामींच्या समाधीमुळे तुम्ही ऐकलं असेल. व्यंकोजीराजांपासून, म्हणजे साडेतीनशे वर्षं, या मुलखात मराठी घरं आहेत. फौजेतून निवृत्त होऊन मी इथे राहतो. मी डॉक्टर नाही. पण आजचा विषय डॉक्टरांवर सोडून भागणार नाही. विषय आहे मधुमेह, ड जीवनसत्त्व आणि बाळंतिणीचं मन.

शिकागोच्या लोयोला विद्यापीठात स्यू पेंकोफर या परिचर्या-संशोधक, म्हणजे मूळच्या नर्स. मधुमेह असलेल्या बायकांमध्ये नैराश्य बरंच आढळतं आणि ड जीवनसत्त्वही अनेकदा कमी असतं. या दोन्हींचा संबंध आहे का, हे त्यांनी तपासलं. सुमारे ५० महिलांना सहा महिने आठवड्याला ५०,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, आणि त्यांचं नैराश्य कमी झालं.

इथे आपण टाळ्या वाजवून औषधाच्या दुकानाकडे धावतो. पेंकोफर थांबल्या नाहीत. पुढच्या चाचणीत एका गटाला ५०,००० आणि दुसऱ्याला फक्त ५,००० युनिट दिले. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोघांत लक्षणीय फरक दिसला नाही! म्हणजे श्रेय गोळीचं, की नियमित भेटीचं आणि कुणीतरी विचारपूस केल्याचं, हे सांगता येत नाही. शिवाय या काही बाळंतिणी नव्हत्या. त्याच विद्यापीठातल्या मेरी बर्न यांनी गरोदरपणातला मधुमेह आणि नैराश्य यांवर काम केलं.

आता आपल्या घराकडे या. बाळंतिणीची खोली अंधारी, दारं-खिडक्या बंद. बाहेर तंजावरचं रणरणतं ऊन, आणि आत तिला उन्हाची तिरीप नाही. वर तूप-गुळाचे डिंकाचे लाडू. गरोदरपणी साखर वाढलेल्या बाईला हे लाडू किती द्यायचे, असं कोणी विचारतं का?

आणि मन? गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांची पाहणी केली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव यांच्या जोडीला एक कारण होतं: मुलगा हवा होता, मुलगी झाली. हे काही गोळीने भरून निघत नाही. पुढे गोव्यातच सामान्य बायकांना शिकवून 'सखी' म्हणून गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवलं. त्या बसायच्या, ऐकायच्या, बोलायच्या. त्याचा उपयोग झाला.

हे आपल्याला नवं नाही. सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात इथल्या छत्रांचं, म्हणजे धर्मशाळांचं वर्णन आहे. वाटसरू बाई गरोदर असेल तर तिचं बाळंतपण तिथे होई आणि नंतर तीन महिने तिला राहता येई. राजाला जे कळलं ते घराला कळायला नको?

फौजेत 'ऑल ओके' रिपोर्ट आला की चांगला अधिकारी दुसरा प्रश्न विचारतो. सीमेवरच्या जवानाला फोनवर बायको 'सगळं ठीक' म्हणते, तेव्हाही तोच नियम. झोप लागते का? बाळाला घेताना भीती वाटते का? शेवटचं कधी हसलीस?

तीन कामं सांगतो. पहिलं, गरोदरपणी साखरेची तपासणी: ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त, आकडा १४० किंवा जास्त आला तर उपचार. पहिल्या भेटीत एकदा, २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. साखर निघाली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासा. ही शेवटची तपासणी बाळाच्या गडबडीत राहून जाते, आणि पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका याच बायकांना जास्त असतो. दुसरं, ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारूनच घ्या. जास्त झालं तर अपाय होतो. खिडकी मात्र आजच उघडा. तिसरं, दोन आठवडे उदासी हटली नाही तर डॉक्टरांकडे न्या, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर एक दिवसही थांबू नका.

बारशाला जाल तेव्हा बाळ कोणासारखं दिसतं ते जरूर बघा. पण आधी आईजवळ बसा.