किरायाची खोली आणि गटाचं कर्ज

माजरीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

माजरीला कोळशाची खाण आहे, रेल्वेचं जंक्शन आहे. ठेकेदाराकडे काम करणारे ड्रायव्हर, हेल्पर गावातच किरायाने खोली शोधतात. घरामागे एखादी पडकी खोली असली की आपल्याही मनात येतं, दुरुस्त करावी आणि किरायाने द्यावी. शेतीला पाऊस लागतो, खोलीला लागत नाही, असं आम्हीही म्हणायचो.

मागे आमच्या गटानं एका ताईला दोन खोल्यांसाठी कर्ज दिलं. वर्षभर हप्ते वेळेवर आले. मग ठेका संपला आणि आठवड्याभरात दोन्ही किरायेदार सामान घेऊन गेले. चार महिने खोल्यांना कुलूप. ताईनं शेळ्या विकून हप्ते भरले आणि मीटिंगला यायचं सोडलं. चूक तिची एकटीची नव्हती. बाराही महिने किराया येईल, हा हिशेब आम्हीच धरला होता.

यंदा दुसऱ्या ताईनं दोन खोल्यांच्या दुरुस्तीला 60,000 रुपये मागितले. या वेळी आम्ही वही घेऊन बसलो. व्याज महिन्याला शेकडा 1 रुपया, फेड 24 महिन्यांत, दर महिन्याला मुद्दल 2,500. पहिला हप्ता 3,100 चा, पुढे व्याज कमी होत जातं. पहिल्या वर्षी भरायचे 35,550. एका खोलीचा किराया 1,500. वर्षात दोन महिने खोली रिकामी राहील असं धरलं, तर दोन्ही खोल्यांचे मिळून 30,000 येतात. म्हणजे 5,550 घरातून घालायचे.

मग एकाच खोलीचा आणि संडास-न्हाणीचा हिशेब केला. मजुरी घरच्यांची धरून 24,000 लागत होते. पहिल्या वर्षाची फेड 14,220, दहा महिन्यांचा किराया 15,000. उरतात 780 रुपये. फार नाहीत, पण शेळी विकावी लागत नाही. ताई जरा रुसली. तरी आम्ही 24,000 च दिले.

पैसा कुठे घालायचा यावरही वाद झाला. तिला आधी रंग आणि फरशी हवी होती. आम्ही म्हटलं, आधी छत, मग संडास आणि पाणी, रंग शेवटी. गळक्या खोलीत किरायेदार एक पावसाळाही काढत नाही. भिंतीच्या तड्यांवर नुसतं प्लास्टर मारू नका. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तडा पुन्हा उघडतो. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. पावसाळा गेल्यावर तडा खुणेपुढे गेला असेल तर मिस्त्रीला पायाच दाखवा. आणि छताचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नका, नालीत काढा.

कर्जाआधी कागद बघा. घरटॅक्सची पावती म्हणजे मालकी नव्हे. जागा कोणाच्या नावावर आहे? आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारावी लागते. कोळशासाठी 1957 च्या कायद्यानं जमीन संपादित होते, त्याआधी राजपत्रात सूचना निघते. आपली जागा त्यात आहे का, हे तलाठ्याकडे विचारल्याशिवाय एक वीटही चढवू नका.

किरायेदाराशी करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्याचा खर्चही कर्जाच्या हिशेबातच धरा. करारावर घरातल्या बाईचं नाव असावं म्हणून आम्ही अडून बसलो. हप्ता ती भरणार आणि किराया दुसऱ्याच्या हातात जाणार, हे आम्ही पाहिलेलं आहे.

शेळ्या विकलेल्या ताईला आम्ही घरी जाऊन बोलावून आणलं. कर्जाच्या अर्जांचा हिशेब तपासायला आता तीच बसते, आणि दोन रिकामे महिने धरायला कधी विसरत नाही.

नव्या ताईची एक खोली किरायानं गेली. दुसरीत अजून पराट्या भरलेल्या आहेत. पहिलीचे बारा हप्ते झाले की दुसरीचा अर्ज घेऊ, असं ठरलं आहे.