शस्त्रसाहाय्य आणि दिलेला शब्द

युक्रेनला पाश्चात्त्य राष्ट्रांनी शस्त्रे द्यावीत काय, या वादात १९९४ सालचा बुडापेस्टचा दस्तऐवज विसरून चालणार नाही. युक्रेनने आपल्या भूमीवरील सोव्हिएत अण्वस्त्रे सोडली. रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर राखण्याचे अभिवचन दिले. २०१४ मध्ये क्रिमिया घेऊन आणि २०२२ मध्ये सर्वंकष आक्रमण करून रशियाने ते मोडले.

शस्त्रपुरवठ्याने युद्ध लांबेल, अण्वस्त्रधारी राष्ट्रे परस्परांवर आदळतील, हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. त्या दस्तऐवजात लष्करी साहाय्याचे बंधनही नव्हते. परंतु शब्दावर विसंबलेल्यास एकाकी सोडले, तर यापुढे कोणते राष्ट्र अण्वस्त्रांचा त्याग करील? म्हणून साहाय्य द्यावे. मात्र वाटाघाटींचे दार उघडे ठेवूनच.