गळ टाका, मासा तोला, मग भाव बोला
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारी सोडून हा माणूस आज मासे का सांगतो, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. काहींनी त्या तळ्यांत कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडली. आता उन्हाळ्याच्या तोंडी पाणी उतरले की व्यापारी बांधावर येतो आणि पाण्याकडे बघून सांगतो, "मासा अर्ध्या किलोच्या वर नाही." गाडीतल्या कापसात हात घालून प्रत ठरते, तोच प्रकार! आपण गप्प बसतो, कारण आपला मासा आपणच पाहिलेला नसतो.

जाळे घरोघर नाही. गळ कोणालाही परवडतो. महिनाभर आधीपासून थोडे थोडे मासे काढा, जातवार तोला, लिहून ठेवा, परत सोडा. एका दिवसाच्या वजनावर विसंबू नका, खादाड मासा आधी लागतो.

मी कृषी पदवीधर. पहिल्यांदा तळ्यावर बसलो तो बोटाएवढा गळ आणि त्याला गांडूळ लावून. दुपार झाली, काही लागेना. शेजारचा म्हातारा ढीवर हसून म्हणाला, "सायेब, हा गळ मरळीचा. तुमच्या तळ्यात मरळ हाये का?"

मरळ शिकारी मासा. तिला बेडूक, जिवंत मासोळी लागते आणि गळही मोठा लागतो. रोहूचे तोंड लहान, ओठ झालरीचे. तो चाखत खातो, म्हणून त्याला बारीक गळ. दुकानात गळ नंबरावर मिळतो आणि नंबर सुतासारखा चालतो: आकडा वाढला की माल बारीक. गळ अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढा. रुतला तर धार आहे, घसरला तर परत करा. मासा सोडायचा असल्याने गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका आणि हात ओले करूनच मासा धरा.

आमिषाला बाजारात जाऊ नका. ज्वारीच्या पिठाची भाकरीसारखी उकड काढा. नुसती ज्वारी पाण्यात सुटते, तिला गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून थोडी कणीक आणि भाजलेल्या शेंगदाणा ढेपेचा चुरा घालून मळा. बोराएवढी गोळी रोहूसाठी मधल्या थरात सोडा. मृगळ तळ चाचपत खातो, त्याला तीच गोळी किंवा गांडूळ तळाला टेकवा. कटल्याचे तोंड मोठे आणि वर वळलेले, तो वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो. त्याच्यासाठी कणीक कमी घाला, गोळा भुसभुशीत ठेवा, पाण्यात ढगासारखा पसरला पाहिजे. गळ वरच्या हातभर पाण्यातच ठेवा. तरंगायला वाळल्या धांड्याचा तुकडा चालतो, पण तो पाणी पितो, दुसरा जवळ ठेवा.

मासे गोळा करायला भिजवलेली सरकीची ढेप मूठभर पुरे. टोपलीभर टाकाल तर ती सडेल आणि पाण्यातला प्राणवायू खाईल. पहाटे मासे वर येऊन तोंड वासताना दिसले, तर त्या दिवशी गळ नको, ताजे पाणी सोडा.

आणखी एक, जरा रागाने सांगतो. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी आणली, पण सायपरमेथ्रिनसारखी औषधेही माशांना तितकीच घातक आहेत. काही जण तर मासे काढायला मुद्दाम औषध ओततात. तो मासा आपल्याच लेकरांच्या ताटात येतो!

पाझर तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो, तिथे आधी विचारा. आपल्या शेततळ्यावर कोणाला विचारायचे नाही. पुढच्या बैठकीला येताना वजनांची वही घेऊन या, म्हणजे शेजारच्या गावात काय भरले ते ताडून बघता येईल.